आहेराऐवजी आफ्रिकेतल्या खेड्याला मदत: भेट कशी निवडावी, पैसे कसे पाठवावेत

'कृपया आहेर आणू नये' ही ओळ लग्नपत्रिकेत आता सवयीची झाली आहे. काही घरं तिच्याखाली आणखी एक ओळ छापतात: आहेराची रक्कम अमुक कामासाठी द्यावी. लंडन-न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत वाढदिवसाला किंवा नाताळात एखाद्याच्या नावाने आफ्रिकेतल्या खेड्यात शेळी, मच्छरदाणी, शाळेचं दप्तर 'भेट' देण्याची पद्धत ओळखीची आहे. ब्रिटन-अमेरिकेतल्या मोठ्या संस्था त्यासाठी रंगीत कॅटलॉगच काढतात. इच्छा चांगली असते, पैसेही कष्टाचे असतात. ते नीट जागी पडावेत म्हणून हा लेख.

मेळघाटात, गडचिरोलीत गरज नाही का, असं कुणीतरी विचारणारच. आहे, आणि तिथेही द्यावं. पण मलेरियाचे आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात ५ लाख ९७ हजार माणसं मलेरियाने गेली. त्यातले ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत झाले आणि तिथे दगावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं पाच वर्षांच्या आतली होती. जो आजार दोनेकशे रुपयांच्या मच्छरदाणीने बऱ्याच अंशी टळतो, त्याने इतकी मुलं जात असतील तर तिकडे हात पुढे करण्याला वेगळं कारण लागू नये. त्यात २०२५ च्या जुलैत अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था बंद केली. औषधं, दवाखाने आणि मच्छरदाण्यांच्या मोहिमांना मिळणारा मोठा पैसा त्यामुळे आटला.

भेट निवडताना मी एक कसोटी लावते: ही गोष्ट संपली, फाटली, बिघडली की त्या गावात तिचं पुढे काय होणार? ज्या भेटीकडे याचं उत्तर आहे, ती चांगली भेट.

पहिली पायरी: सामान पाठवायचं नाही

घरातले जुने कपडे, पुस्तकं, उरलेली औषधं खोक्यात भरून पाठवायचा मोह सोडा. वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठे पश्चिमेकडून आफ्रिकेत जहाजं भरभरून जातात. केनियात त्यांना मितुंबा म्हणतात आणि तालुक्याच्या बाजारातही ते ढिगाने विकले जातात. कपड्यांचा तुटवडा हा तिथला प्रश्न नाही. शिवाय तुमच्या खोक्याचं भाडं, बंदरावरची जकात आणि पुढची वाहतूक यात आतल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात.

औषधांबाबत तर नियमच आहेत. दान केलेली औषधं पोहोचतील तेव्हा त्यांची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी आणि ती त्या देशाच्या यादीतली असावीत, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या कपाटातल्या अर्ध्या पट्ट्या यात कुठेच बसत नाहीत. दवाखान्याच्या यंत्रांचीही तीच गत. गरीब देशांतल्या एक लाखाहून जास्त वैद्यकीय उपकरणांची एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यातली सुमारे ३८ टक्के बंद आढळली. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती येणारा माणूस नाही, वीज सारखी कमी-जास्त होते.

पुस्तकं तरी द्यावीत, असं आपल्याला मनापासून वाटतं. पश्चिम केनियात बुसिया भागातल्या शाळांना १९९० च्या दशकात पाठ्यपुस्तकं वाटली आणि परिणाम काटेकोर मोजला. सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीपासून हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांसाठी इंग्रजी ही घरची बोली आणि स्वाहिली यांच्यानंतरची तिसरी भाषा होती. आपल्या पाड्यांवर कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर प्रमाण मराठीचं पुस्तक ठेवणारे शिक्षक हे लगेच ओळखतील.

हापशाची गोष्ट, आणि तिच्यातून घ्यायचं ते

पाण्याचा हापसा ही देणगीदारांची आवडती भेट आहे, कारण त्याचा फोटो छान येतो. युगांडा, झांबिया, माली या देशांत जो 'इंडिया मार्क टू' हापसा दिसतो, त्याचं मूळ आपल्याकडे आहे. जुने ओतीव लोखंडाचे घरगुती पंप दुष्काळी गावांत दिवसभर चालणाऱ्या हातांखाली टिकत नव्हते. तेव्हा बोअर खोदणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी आधी जालन्यात आणि मग सोलापुरात पोलादी, एका आसावर हलणाऱ्या दांड्याचा पंप घडवला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याचा सुधारून मार्क टू झाला आणि पुढे तो आफ्रिकाभर गेला.

इतका दणकट पंप असूनही सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर चार हापशांपैकी साधारण एक बंद असतो. दांड्याची चेन तुटते, खाली सिलिंडरमधले वॉशर झिजतात. मार्क टूचे वॉशर बदलायचे म्हणजे जमिनीतले सगळे पाइप वर ओढायचे. त्याला चार-सहा माणसं, साधनं आणि अनुभवी मिस्त्री लागतो. म्हणूनच पुढे आफ्रिदेव नावाचा पंप आला, ज्याचे झिजणारे भाग पाइप न उपसता गावकऱ्यांना काढता येतात. तरी वॉशर कुठल्या गावच्या दुकानात मिळणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

याच्या उलट टोकाला प्लेपंप. मुलं चक्रीवर खेळतील आणि पाणी आपोआप टाकीत चढेल, अशी ही कल्पना होती. २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. एका पंपाचा खर्च १४,००० डॉलरच्या घरात, म्हणजे साध्या हापशाच्या कितीतरी पट. मुलं खेळून दमली की बायाच ती जड चक्री हाताने फिरवत बसायच्या. काही वर्षांत कार्यक्रम गुंडाळला गेला.

पाण्यासाठी द्यायचं असेल तर नवीन हापशापेक्षा बंद हापसे चालू करणाऱ्या, गावातल्या पाणी समितीला आणि मिस्त्रीला शिकवणाऱ्या, सुट्या भागांचं दुकान तालुक्याला चालू ठेवणाऱ्या कामाला द्या. फोटो साधा येईल, पाणी मात्र येत राहील.

दुसरी पायरी: आरोग्यासाठी काय निवडावं

मच्छरदाणी ही सगळ्यात भरवशाची भेट. औषध लावलेल्या एका मच्छरदाणीची किंमत साधारण २ डॉलर, वाहतूक आणि वाटप धरून थोडी जास्त. ती दोन-तीन वर्षं टिकते, म्हणून वाटप परत परत करावं लागतं. अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही संस्था एवढं एकच काम करते आणि कुठल्या देशात किती मच्छरदाण्या गेल्या ते जाहीर करते. फुकट दिलं की लोकांना किंमत नसते, हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. केनियात गरोदर बायकांबाबत ते तपासलं गेलं. फुकट मिळणाऱ्या मच्छरदाणीवर अर्ध्या डॉलरच्या आसपास किंमत लावली तर मागणी प्रचंड कोसळली, आणि फुकट घेणाऱ्या बायका पैसे देऊन घेणाऱ्यांपेक्षा ती कमी वापरत होत्या असं दिसलं नाही.

सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात मलेरिया पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत एकवटतो. तिथे पाच वर्षांखालच्या मुलांना त्या काळात दर महिन्याला प्रतिबंधक गोळ्या देतात. आरोग्यसेविका घरोघर जाते, पाण्यात विरघळवलेला पहिला डोस स्वतःसमोर पाजते, मुलाने ओकून टाकला नाही ना हे बघत थांबते, आणि पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईच्या हातात ठेवते. एका मुलाला संपूर्ण हंगाम साधारण ७ डॉलर लागतात. मलेरिया कन्सॉर्शियम हे काम मोठ्या प्रमाणावर करते. मला विचाराल तर पहिल्यांदा देणाऱ्याने हीच भेट निवडावी. खर्च कमी, परिणाम तपासलेला, आणि समोर एक घर व एक मूल डोळ्यांपुढे येतं.

अ जीवनसत्त्वाचे डोस हेलन केलर इंटरनॅशनल देते. उत्तर नायजेरियात न्यू इन्सेंटिव्हज ही संस्था बाळाला लसीला आणणाऱ्या आईला थोडी रोख रक्कम देते, म्हणजे वाटखर्च आणि बुडालेली मजुरी निघते.

लशींच्या बाबतीत पुण्याचं नाव तिकडे परिचयाचं आहे. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात 'ए' प्रकारच्या मेंदूज्वराच्या साथी दर काही वर्षांनी हजारो बळी घ्यायच्या. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅक लस आली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने ती अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत बनवली होती आणि त्या प्रकारचा मेंदूज्वर तिथून जवळपास हद्दपार झाला. ऑक्सफर्डने विकसित केलेली मलेरियाची आर-२१ लसही सिरमच बनवते. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने ती नेहमीच्या लसीकरणात घेतली. पण ही लस चार डोसांची आहे आणि तिच्याबरोबर मच्छरदाणी लागतेच. तेव्हा 'आता लस आली, बाकी कशाला' असं म्हणून हात आखडू नका.

तिसरी पायरी: शिक्षणासाठी काय निवडावं

मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळेची फी काढून टाकली. वर्ग तुडुंब भरले. पण गणवेश, वह्या, परीक्षा शुल्क, माध्यमिक शाळेचा खर्च हे घराच्याच माथी राहिलं आणि गळती तिथेच होते, मुलींची तर जास्तच. कॅम्फेड ही संस्था १९९३ मध्ये झिंबाब्वेत ३२ मुलींना शाळेत पाठवण्यापासून सुरू झाली. आता तिच्याच मदतीने शिकलेल्या तरुणी आपल्या गावातल्या पुढच्या मुलींचा खर्च उचलतात, शाळेत त्यांच्या ताई म्हणून काम करतात. माझ्या कसोटीचं इतकं नेमकं उत्तर क्वचित मिळतं.

गणवेश ही किरकोळ भेट वाटते, पण केनियात फुकट गणवेश दिल्यावर मुलींची गळती आणि कोवळ्या वयातली गरोदरपणं दोन्ही कमी झाली. मात्र तो गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतला जावा. इथून पाठवू नये.

मलावीत मेरीज मील्स ही संस्था २००२ पासून शाळेत रोज मका-सोयाची लापशी देते. पालकच पहाटे उठून आळीपाळीने चुलीवर मोठ्या पातेल्यात ती शिजवतात, मुलं रांगेने आपापला पेला पुढे करतात. एका मुलाचा वर्षाचा खर्च २० पौंडांच्या आसपास. आपल्याकडच्या शाळेतल्या खिचडीने हजेरीवर काय परिणाम केला ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

जंताची गोळी आरोग्याच्या खात्यात मोडते, पण तिचा उपयोग शाळेला होतो. बुसियातच ७५ शाळांत मुलांना ही गोळी दिल्यावर गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. या अभ्यासावर पुढे बराच वाद झाला आणि परीक्षेतले गुण वाढले नव्हते, हेही खरं. तरी एका मुलामागे वर्षाला एका डॉलरहूनही कमी खर्च येतो आणि आपल्याही शाळांत जंतनाशक दिनाला तीच गोळी चावून खायला देतात. अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, एस्थर डुफ्लो आणि मुंबईत जन्मलेल्या अभिजित विनायक बॅनर्जी यांच्याबरोबर.

शाळेत बसलेल्या मुलाला वाचता येतं का, हा शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न. त्यावरचं एक उत्तर मुंबईच्या वस्त्यांतून निघालं. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी उभी केलेली 'प्रथम' मुलांना इयत्तेप्रमाणे नाही, तर वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवते: अक्षर ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेद वाचणारी एकत्र. रोज तासभर, जमिनीवर बसून, तक्ते आणि खेळ घेऊन. झांबियाच्या सरकारने 'कॅच अप' या नावाने हीच पद्धत तिथल्या स्थानिक भाषांमध्ये आपल्या शाळांत आणली आणि इतर देशांतही ती पसरते आहे. इथे पैसे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि त्यांच्यामागे फिरणाऱ्या मार्गदर्शकांवर जातात. कार्डावर छापायला चित्र नाही, तरी हे काम मला फार मोलाचं वाटतं.

चौथी पायरी: कॅटलॉगमधली बारीक अक्षरं

'एक शेळी, अमुक पौंड' याच्याखाली बहुतेक वेळा बारीक टायपात लिहिलेलं असतं की भेट प्रतीकात्मक आहे, रक्कम त्या प्रकारच्या कामासाठी वापरली जाईल. यात फसवणूक नाही. कुणाला शेळी हवी, कुणाला बियाणं, हे गावात ठरणंच बरं. पण तुम्हीही नातेवाइकांना 'तुमच्या नावाची शेळी तिकडे चरते आहे' असं सांगू नका. शेळी निवडलीच, तर चारा, पाणी आणि जनावरांचा डॉक्टर यांची सोय त्या कार्यक्रमात आहे का ते वाचा.

एकाच मुलाला दत्तक घेतल्यासारखी मासिक मदत देण्याच्या योजनाही आहेत. सहा देशांतल्या एका अभ्यासात अशी मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकल्याचं दिसलं. मात्र पत्रव्यवहार आणि देखरेख यामुळे या योजना महाग पडतात.

अनाथाश्रमाला देताना मात्र थांबा. तिथल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मूल तिथे पोहोचतं आणि पाहुणे-देणगीदार वाढले की आश्रमही वाढतात. त्याच घराला आधार देणाऱ्या कामाला पैसे द्यावेत.

काहीच ठरत नसेल तर थेट रोख. केनियात २००७ पासून एम-पेसामुळे मोबाइलवर पैसे मिळणं खेड्यापाड्यांत रोजचं झालं आहे. गिव्हडायरेक्टली गरीब घरांना सरळ तिथेच रक्कम पाठवते. पत्रे, शाळेची फी, दुभती गाय, काय घ्यायचं ते घर ठरवतं.

पाचवी पायरी: संस्था तपासणं

इंग्लंड किंवा वेल्समधल्या संस्थेचे हिशेब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत फुकट बघता येतात. अमेरिकेतल्या संस्थेने दरवर्षी करखात्याकडे भरलेला ९९० नंबरचा फॉर्म वाचता येतो. केनियात २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे आणि तिथल्या संस्था सार्वजनिक हित संस्थांच्या प्राधिकरणाकडे नोंदलेल्या असाव्या लागतात. नोंदणी क्रमांक, नावाचं स्पेलिंग आणि शेवटचा हिशेब कुठल्या वर्षीचा, एवढं तरी जुळवा. गिव्हवेल ही अमेरिकी संस्था २००७ पासून अशा कामांची छाननी करते. वर सांगितलेल्या मच्छरदाण्या, पावसाळी गोळ्या, अ जीवनसत्त्व आणि लसीसाठी रोख ही चारही कामं तिच्या वरच्या यादीत आहेत.

'प्रशासनावर किती टक्के' या एका आकड्यावर निवड करू नका. हिशेबनीस, देखरेख, परिणामांची मोजणी यांवरचा खर्चही त्याच रकान्यात जातो आणि तो कापला तर बंद पडलेला हापसा कुणाला कळणारच नाही.

छोट्या संस्थेला द्यायचं असेल तर आधी पत्र लिहा. मी विचारते ते असं: गावातल्या कुणी हे काम मागितलं? त्या देशाच्या सरकारी शाळेशी किंवा दवाखान्याशी तुमचा काय संबंध? गेल्या वर्षी काय जमलं नाही? तुम्ही तीन वर्षांनी निघून गेलात तर हे कोण चालवेल? तिसऱ्या प्रश्नाला मोकळं उत्तर देणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसतो.

सहावी पायरी: पैसे पाठवणं

भारतात राहणाऱ्याला परदेशी संस्थेला देणगी देता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये, आर्थिक वर्षाला एका माणसाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे. बँकेत ए-टू फॉर्म भरा, पॅन द्या आणि हेतूच्या यादीतून परदेशातल्या धर्मादाय संस्थांना देणगी हाच हेतू निवडा. वर्षभरात १० लाखांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो. दर व्यवहाराला बँकेचे शुल्क लागते, म्हणून घरातल्या पाच जणांनी पाच वेळा पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा.

८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत परदेशी संस्थेच्या पावतीवर मिळत नाही. भारतातला ट्रस्ट तुमचे पैसे आफ्रिकेत पाठवतो असं सांगत असेल, तर भारताबाहेर खर्च करण्याची परवानगी त्याने घेतली आहे का ते विचारा, नाहीतर तो खर्च करमाफीत धरला जात नाही. एफसीआरए कायद्याची भीती अनेकांना वाटते. तो बाहेरून भारतात येणाऱ्या पैशांसाठी आहे.

ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्याने गिफ्ट एडचा अर्ज केला की दर पौंडामागे संस्थेला २५ पेन्स सरकारकडून मिळतात. पण मंडळाने वर्गणी गोळा करून एका नावाने भरली तर ते बसत नाही, ज्याचे पैसे त्यानेच भरावेत. अमेरिकेत तिथे नोंदलेल्या संस्थेलाच द्या आणि तुमची कंपनी तेवढीच रक्कम घालते का ते विचारून घ्या. अनेक कंपन्या घालतात आणि लोक विचारतच नाहीत.

नैरोबी, कंपाला, दार-एस-सलामला राहणाऱ्या मराठी मंडळींना एक सोय जास्त आहे: ती स्वतः जाऊन बघू शकतात. त्यांनी मुख्याध्यापकांना आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना आधी विचारावं, मग खरेदी तिथल्याच बाजारातून करावी आणि पावती शाळेच्या नावे घ्यावी.

सातवी पायरी: कार्ड आणि त्यानंतर

कार्डावर खरं तेवढंच लिहा: 'चि. सौ. कां. अमुक आणि चि. तमुक यांच्या विवाहानिमित्त आहेराऐवजी मलावीतल्या मुलांच्या शाळेतल्या लापशीसाठी आम्ही देणगी दिली आहे.' उघड्या, रडवेल्या मुलांचे फोटो लावू नका. आपल्या मुलाचा तसा फोटो अनोळखी माणसांच्या लग्नात लागलेला आपल्याला चालला नसता.

पावती जपा आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला संस्थेचा अहवाल काढून वाचा. काम चालू असेल तर तेवढीच रक्कम पुन्हा त्याच कामाला द्या, दरवर्षी नवी संस्था शोधू नका. शाळेला पुढच्या वर्षाचा शिक्षक ठरवायला आणि संस्थेला पुढच्या पावसाळ्याच्या गोळ्या मागवायला आधीपासून ठाऊक असलेली रक्कम लागते. बँकेत मासिक किंवा वार्षिक सूचना लावून ठेवली की लक्षात ठेवण्याचीही गरज उरत नाही.